फ्रँकोला नुसतं भाट म्हणून मोकळं होऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या संगीतावर पानभर लेख आला. आमच्याकडच्या वर्तमानपत्रात हा विषय निघतो हेच नवल, त्यामुळे लेखकाचं आधी अभिनंदन. मात्र त्यात काँगोचा गिटारवादक फ्रँको याच्या वाट्याला चारच ओळी आल्या आणि चौथ्या ओळीत त्याला ‘मोबुटूच्या दरबारातला भाट’ म्हणून निकालात काढलं. (मोबुटू म्हणजे तिथला हुकूमशहा.) चारच ओळी द्यायच्या तर त्यातली एक या कामाला घालवायला नको होती. हे पत्र लांबणार आहे. जागा कमी पडली तर माझी स्वतःची हकिगत खुशाल कापा, फ्रँकोची मात्र कापू नका.

मी डिझेल इंजिनांचा फिटर. १९८३ साली एका भारतीय व्यापाऱ्याच्या नोकरीवर काँगोच्या राजधानीत, किन्शासाला गेलो. तेव्हा त्या देशाचं नाव झैर होतं. कसावा हा कंद दळायच्या गिरण्या, नदीतल्या होड्या, आतल्या गावांतले जनरेटर, जिथे इंजिन बसवलं असेल तिथे जायचं. १९९१ च्या सप्टेंबरात पगार न मिळालेल्या सैनिकांनी शहर लुटलं, तेव्हा शेकडो परदेशी माणसांबरोबर मीही नदी ओलांडून ब्राझाव्हिलला, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या काँगो देशाच्या राजधानीत आलो आणि तिथून घरी. मधल्या काळात लिंगाला भाषा कामापुरती आली. ती शिकवली वर्कशॉपमधल्या पोरांनी आणि फ्रँकोच्या गाण्यांनी. गाण्यातलं वाक्य अडलं की स्पॅनर खाली ठेवून चर्चा सुरू व्हायची. मालक वैतागायचे, पण रेडिओ बंद करा असं तेही कधी म्हणाले नाहीत.

फ्रँकोचं पूर्ण नाव फ्रान्स्वा लुआम्बो माकियादी. जन्म ६ जुलै १९३८, लिओपोल्डव्हिल म्हणजे आजच्या किन्शासाच्या दक्षिणेला असलेल्या सोना बाता या गावी. वडील रेल्वेत कामाला होते, ते लवकर गेले. आई बाजारात तळलेले गोड गोळे विकायची. पोरगं तिच्या पाटीशेजारी बसून वाजवायचं, म्हणजे गिऱ्हाईक थांबायचं. त्याची पहिली गिटार त्यानेच केलेली: पत्र्याचा डबा, त्याला फळी, आणि विजेच्या वायरी सोलून काढलेल्या तारा. मी मिरजेचा. आमच्याकडे भोपळा, दांडी, घोडी, जवारी हे सतारीचे शब्द पोरांना शाळेआधी येतात. सतारमेकर गल्लीतल्या एका जाणत्या कारागिराला मी ही डब्याची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘घोडी कशाची केली होती?’ मला सांगता आलं नाही.

पुढे पॉल एबेंगो देवायाँ या वयाने थोड्या मोठ्या गिटारवादकाने त्याला हाताशी धरलं. १९५३ साली, पंधराव्या वर्षी, तो लोनिंगिसा या स्टुडिओत पोचला. स्टुडिओ पापादिमित्रिऊ नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याचा. त्या काळी तिथल्या रेकॉर्डिंगच्या धंद्यात ग्रीक पुढे होते. कापडाच्या आणि किराणाच्या जोडीला ते रेकॉर्डही विकत. ‘फ्रँको’ हे नाव त्याला तिथेच मिळालं, हेन्री बोवान या नावाजलेल्या वादकाकडून.

आता त्याच्या वाजवण्याबद्दल, कारण आपल्या लेखात त्यावर अक्षर नाही. काँगोचा रुम्बा म्हणजे तिथलं नाचाचं संगीत. त्याचं गाणं दोन तुकड्यांत चालतं. पहिल्यात शब्द, सावकाश. गायक दोन-तीन मिळून गातात, कुणीतरी मधेच बोलतो. मग गाणं कूस बदलतं, शब्द मागे पडतात आणि गिटारी पुढे येतात. या दुसऱ्या भागाला ‘सेबेन’ म्हणतात. नाच तिथे. फ्रँको अंगठा आणि तर्जनीने दोन तारा एकाच वेळी छेडायचा, त्यामुळे त्याचा सूर एकेरी येत नसे, जोडीने यायचा आणि थोडा पत्र्यासारखा खणखणीत. एकच छोटा तुकडा तो घोळत राही. त्याच्याच शहरातला डॉक्टर निको हा बोटांचा जास्त नजाकतीचा वादक, हे तिथले दर्दी लोकही मान्य करत. पण नाचणाऱ्याला फ्रँको लागे. त्याला ‘गिटारचा मांत्रिक’ म्हणत ते त्या घोळवण्यामुळेच, असं माझं मत.

ओके जाझ हा वाद्यवृंद ६ जून १९५६ रोजी सुरू झाला. फ्रँकोला तेव्हा अठरावं पुरं व्हायला महिना बाकी होता. ‘ओके’ हे ज्या बारमध्ये ते वाजवत त्याचं नाव. ‘आत येताना ओके, बाहेर पडताना केओ’ हे त्यांचं घोषवाक्य. केओ म्हणजे मुष्टियुद्धात आडवा झालेला. सुरुवातीला तो प्रमुख नव्हता. क्लॅरिनेट वाजवणारा एस्सू, गायक रोसिन्योल, व्हिकी लाँगोम्बा ही मंडळी त्याच्यापेक्षा जाणती. एकेक जण निघून गेला, काही परत आले, पुन्हा गेले, आणि शेवटी फ्रँको मालक झाला. नावापुढे ‘टीपी’ लागलं, म्हणजे सर्वशक्तिमान. नम्रता हा त्याचा गुण नव्हता.

त्याचं खरं मोठेपण मला इथे दिसतं आणि ते गाण्यांच्या यादीतून कळत नाही. आमच्याकडे तमाशाचा फड चालवणाऱ्या माणसाला विचारा, पंचवीस-तीस कलावंत एका कनातीखाली ठेवणं म्हणजे काय असतं. कोण उचल घेऊन पळाला, कोण दुसऱ्या फडाने फोडला, कुणाचं कुणाशी पटत नाही. किन्शासात तर बँड फुटणं ही रोजची बातमी. एक गायक रुसला की पंधरवड्यात नवा बँड उभा. अशा शहरात फ्रँकोने ३३ वर्षं एक फड चालवला. १९८० च्या दशकात त्यात चाळिसाच्या आसपास माणसं होती. कधी अर्धी युरोपात, अर्धी किन्शासात, आणि दोन्हीकडे त्याच नावाने कार्यक्रम. चार गिटारी, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ढोल, कोंगा आणि गायकांची रांग. सिमारो लुटुम्बा हा ऱ्हिदम गिटारवाला त्याचा उपप्रमुख. हा कवी माणूस. त्याचं ‘माबेले’, म्हणजे ‘माती’, हे साम मांग्वानाने गायलेलं गाणं ऐकलं की मृत्यूबद्दल बोलायला आवाज चढवावा लागत नाही हे कळतं. व्हेर्किस हा सॅक्सोफोनवाला याच बँडमधून फुटला आणि स्वतः मोठा निर्माता झाला. जोस्की, न्दोम्बे, न्तेसा दालियेन्स्त, मादिलू... गायक किती नावं सांगू? त्यातल्या प्रत्येकाला फ्रँकोने स्वतःची गाणी गायला दिली, स्वतःच्या चाली करू दिल्या. आवाजाने यातले पुष्कळ जण त्याच्यापेक्षा गोड होते आणि हे त्याला माहीत होतं. त्याचा आवाज जाड, घोगरा, बाजारात भाव करणाऱ्याचा. तो त्याने गोड करायचा प्रयत्न केला नाही. गोड आवाज आजूबाजूला उभे केले आणि मध्ये स्वतः बोलत राहिला.

पैशाचा व्यवहारही त्याच्याच हाती. रेकॉर्ड काढणाऱ्या स्वतःच्या कंपन्या एकामागून एक. माटोंगे भागात ‘एक-दोन-तीन’ या अर्थाच्या फ्रेंच नावाचा स्वतःचा नाइटक्लब. जाहिरातीची गाणीही त्याने केली. फोक्सवॅगन गाड्या विकणाऱ्या ‘आझ्दा’ या कंपनीवरचं गाणं सगळ्या आफ्रिकेत गाजलं. त्यातलं ‘व्हे-व्हे’ म्हणजे गाडीच्या नावातली दोन अक्षरं. नैरोबीत ज्यांनी आयुष्यात फोक्सवॅगन घेतली नाही तेही त्यावर नाचत. आमच्या मालकांच्या मनात एकदा आलं होतं की आपल्या इंजिनावर असं एखादं गाणं झालं तर! पण विचार चहाच्या कपापाशीच थांबला.

आता मोबुटू. इथे मला आपल्या लेखकाशी अर्धं सहमत व्हावं लागतं.

काँगो ३० जून १९६० रोजी बेल्जियमपासून स्वतंत्र झाला. त्या वाटाघाटींसाठी नेते ब्रुसेल्सला गेले तेव्हा त्यांच्यासोबत जोसेफ काबासेले आपला वाद्यवृंद घेऊन गेला आणि स्वातंत्र्याचं ते प्रसिद्ध चा-चा-चा गाणं तिथेच झालं. ओके जाझचे दोघे त्याच्याबरोबर गेले होते, फ्रँको मागे राहिला. पुढे मोबुटूने १९६५ च्या नोव्हेंबरात सत्ता बळकावली. २ जून १९६६ रोजी एका माजी पंतप्रधानासह चार राजकारण्यांना भर मैदानात हजारो लोकांसमोर फाशी दिलं. त्यानंतर फ्रँकोचं ‘लुव्हुम्बू न्दोकी’ हे गाणं आलं. न्दोकी म्हणजे चेटक्या. गाणं जुन्या लोकपरंपरेतलं, किकाँगो भाषेत, आपल्याच माणसांना खाणाऱ्या चेटक्याबद्दल. कुणाचं नाव नाही. पण त्या महिन्यांत शहरात चेटक्या कोण हे लहान पोरालाही सांगावं लागत नव्हतं. चौकशी झाली, रेकॉर्ड बाजारातून गेली आणि फ्रँको काही काळ नदीपलीकडे ब्राझाव्हिलला जाऊन राहिला.

नंतर तो जुळवून घेऊ लागला. १९७१ मध्ये मोबुटूने देशाचं आणि नदीचं नाव ‘झैर’ करून टाकलं; पैशाचं १९६७ पासूनच तेच होतं. पुढच्या वर्षी ख्रिस्ती नावं बंद. फ्रान्स्वाचा लुआम्बो माकियादी झाला. कोट-टाय गेले. या ‘ऑथेंतिसिते’च्या, म्हणजे अस्सल आफ्रिकीपणाच्या, प्रचाराला त्याने गाणी दिली, देशभर दौरे केले. बक्षिसंही मिळाली. १९७३ च्या नोव्हेंबरात मोबुटूने परदेशी लोकांचे धंदे काढून झैरच्या नागरिकांना वाटले. त्या वाटपाच्या काळात मुलुखातला रेकॉर्ड छापायचा मोठा कारखाना, माझादिस, फ्रँकोच्या ताब्यात आला. त्याच वाटपात आमच्या मालकांचं दुकान गेलं होतं. ज्याला मिळालं त्याने माल विकून टाकला आणि कुलूप लावलं. दोन-तीन वर्षांनी सरकारला उपरती झाली आणि दुकान परत मिळालं, रिकाम्या फळ्यांसकट. एवढं सोसलेला माणूस शनिवारी संध्याकाळी हिशोब लिहिताना फ्रँकोच लावायचा. मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘अरे, कारखाना त्याने घेतला तो वेगळा फ्रँको, हा वेगळा.’ मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पुरतं पटत नाही. माणूस एकच असतो. पण त्याचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

म्हणून जमेची आणखी एक बाब. १९७८ साली ‘एलेन’ आणि ‘जॅकी’ या दोन गाण्यांच्या कॅसेटी चोरून विकल्या जाऊ लागल्या. दोन्ही अश्लील. त्यांचं समर्थन मी करणार नाही, घरात लावता येणार नाहीत अशीच ती आहेत. तेव्हाचे महाधिवक्ते केंगो वा दोंदो यांनी त्याला तुरुंगात टाकलं. शिक्षा सहा महिन्यांची झाली, दोनेक महिन्यांत तो बाहेर आला. दिलेला सरकारी सन्मान काढून घेतला होता. आता गंमत पाहा. १९८० मध्ये केंगोंना त्या पदावरून हलवून राजदूत म्हणून ब्रुसेल्सला पाठवलं. त्या सुमाराला फ्रँकोचं ‘तायर’ आलं. तायर म्हणजे शिंपी. गाण्याचा मथितार्थ असा: शिंपीदादा, सुई ज्याची होती त्याने परत नेली, आता शिवणार कशाने? सगळ्या शहराने ओळखलं शिंपी कोण. पण त्यात सुईचा मालक कोण हेही आपोआप सांगितलं गेलं होतं. एका वाक्यात एकाची फजिती आणि दुसऱ्याची खुशामत! त्याच सुमाराला सरकारने त्याला ‘ग्राँ मेत्र’ म्हणजे थोर गुरू ही पदवी दिली. १९८२ मध्ये तेच केंगो पंतप्रधान होऊन परतले, म्हणजे शिंप्याच्या हाती शिलाईयंत्रच आलं. मी किन्शासाला पोचलो तेव्हा लोक या गाण्यावर अजून हसत होते, फक्त दार लावून.

१९८४ ची निवडणूक मी पाहिली. उमेदवार एकच, मोबुटू. त्यासाठी फ्रँकोने ‘आमचा उमेदवार मोबुटू’ या अर्थाचं लांबलचक गाणं केलं. ज्या निवडणुकीत विरोधी उमेदवारच नाही तिला प्रचारगीत कशाला, असं मी वर्कशॉपमध्ये विचारलं. एक वयस्कर मेकॅनिक म्हणाला, ‘पापा, पाऊस पडणारच असतो, तरी छत्रीवाला ओरडतोच ना.’ भाटगिरी म्हणायची तर ही. ती मी लपवत नाही. चाल मात्र उत्तम होती, हा त्यातला त्रास.

पण आपल्या लेखावरून वाटेल की त्याने आयुष्यभर हेच गायलं. त्याच्या नावावर हजाराच्या वर गाणी सांगतात, दीडशेच्या आसपास अल्बम. त्यात मोबुटूवरची बाजूला काढली तर छोटी चळत होईल. उरलेल्यांत काय आहे? नवरा-बायको. सवती. पगाराच्या दिवशी घरी न येणारा नवरा. मैत्रिणीच्या नवऱ्यावर डोळा असलेली मैत्रीण. उधारी. सासूरवाडी. एकाच घरातला एकमेकांवरचा संशय. किन्शासात १९८३ साली सरकारने चलन मोकळं सोडलं आणि झैरची किंमत एका फटक्यात कोसळली, तेव्हापासून नोटांच्या गड्ड्या घेऊन बाजारात जावं लागे आणि पिशवीत कसाव्याचा पाला आणि खारवलेला मासा तेवढाच येई. त्या घरांत जी भांडणं होत, ती फ्रँकोच्या गाण्यात होती. वर्तमानपत्रं सरकारची, रेडिओ सरकारचा. शेजारच्या खोलीत काय चाललंय हे गाणंच सांगे.

१९८५ चं ‘मारियो’ घ्या. मारियो हा शिकलेला तरणा पोरगा, एकापेक्षा जास्त पदव्या. पण राहतो एका वयस्कर, पैसेवाल्या बाईच्या जिवावर. तिच्या घरात, तिने घेतलेल्या कपड्यांत. वर तिलाच मारझोड. मादिलू गोड गळ्याने गातो आणि फ्रँको त्या बाईच्या जागी उभा राहून बोलतो: आता पुरे, उचल तुझं सामान, कुठंतरी नोकरी बघ. गाणं पाऊण तास लावलं तरी कुणी कंटाळत नसे. आमच्या वर्कशॉपमध्ये यावरून दोन तट पडले. तरुण पोरं म्हणत, पदवी आहे पण नोकरी कुठे आहे? देश चालवणाऱ्यांना आधी विचारा. वयस्कर म्हणत, हातपाय आहेत ना? एक पोरगा रागाने उठून गेला. गाण्याने त्याला ओळखलं होतं, असं इतरांनी नंतर हळूच सांगितलं. त्याच काळात शहरात कुठल्याही फुकट खाणाऱ्याला ‘मारियो’ म्हणू लागले.

किंवा त्याआधीचं, ताबू ले रोशरोबरोबर केलेलं ‘महासंचालक साहेबांना पत्र’. ताबू ले म्हणजे त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धी. दोघांच्या चाहत्यांत मारामाऱ्या व्हायच्या. १९८३ मध्ये दोघांनी एकत्र गायलं तेव्हा लोकांना विश्वास बसेना. त्या गाण्यात सरकारी कंपन्यांतल्या साहेबांच्या कारभारावर बोट होतं. मोबुटूवर नाही. मोबुटूच्या खालच्यांवर. हीच त्याची रीत. ‘तायर’मध्येही तीच. टोक कुठे लावायचं आणि कुठे नाही हे त्याला मिलिमीटरपर्यंत माहीत होतं. याला भित्रेपणा म्हणा, हरकत नाही. पण त्या देशात मोकळं बोलणारी माणसं कुठे जायची हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे मिरजेत खुर्चीवर बसून त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एका जागी मात्र तो कुणाला विचारत बसला नाही. १९८७ मध्ये त्याने एड्सवर गाणं काढलं, ‘अतांस्यों ना सिदा’, अर्थात एड्सपासून सावध. पंधरा मिनिटांहून लांब. फ्रेंच आणि लिंगाला दोन्हींत. त्यात फारसं गाणं नाही, तो बोलतो. विद्यार्थ्यांशी, आयांशी, शिक्षकांशी, डॉक्टरांशी, पुढाऱ्यांशी. आजारी माणसाला टाकू नका म्हणतो. किन्शासाच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात १९८४ पासून परदेशी आणि स्थानिक डॉक्टर या रोगावर काम करत होते, पण बाहेर रोगाचं नाव घ्यायचं नाही अशी हवा होती. लोक बारीक होत, ‘क्षय झाला’ म्हणत आणि जात. आमच्या दोन मेकॅनिकांचं तसंच झालं. एकाच्या घरी मी गेलो तेव्हा शेजारी उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हते, आणि बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर हेच गाणं लागलं होतं. शेजारीण एकटीच ताट घेऊन आत गेली. गाण्यामुळे गेली असं मी म्हणत नाही. ती तशीही गेली असती, तशी बाई होती. पण बाकीच्यांनी माना खाली घातल्या एवढं पाहिलं.

फ्रँको स्वतः तेव्हापासूनच खंगत गेला. केवढा अवाढव्य माणूस! शेवटच्या वर्षांत मी त्याला त्याच्या क्लबात पाहिलं तेव्हा तो खुर्चीवर बसून वाजवत होता, गिटार पोटावर ठेवल्यासारखी. मग महिन्यामहिन्याला कपडे ढिले होत गेलेले फोटो येऊ लागले. लोक काय बोलायचे ते बोललेच. खरं काय हे त्याच्या घरच्यांचा विषय. १२ ऑक्टोबर १९८९ रोजी बेल्जियममधल्या नामूरच्या दवाखान्यात तो गेला. वय ५१.

मोबुटूने चार दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. रेडिओवर रात्रंदिवस तोच. पार्थिव विमानाने आलं आणि गोम्बेच्या दफनभूमीत त्याला पुरलं. आम्ही वर्कशॉप बंद ठेवलं, उघडं ठेवून फायदाही नव्हता, पोरं आलीच नसती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एवढी माणसं मी फक्त आषाढीला पाहिली आहेत. बायका मोठ्याने रडत होत्या, आणि काही जणी त्याच्याच गाण्यातली नवऱ्याला शिव्या देणारी वाक्यं रडता रडता म्हणत होत्या. सरकारी दुखवट्याला लोक आणावे लागतात. इथे पोलिसांना लोक आवरत नव्हते. भाटाच्या मागे एवढं शहर लोटत नाही, एवढंच आपल्या लेखकाला सांगायचं आहे.

त्याच्यानंतर बँड चार वर्षं चालला. मग पैशाच्या आणि मालकीच्या वादावरून त्याच्या घरच्यांचं आणि वादकांचं बिनसलं. सिमारोने बरीच मंडळी घेऊन ‘बाना ओके’ काढला, ‘ओकेची मुलं’ अशा अर्थाचा. ३३ वर्षांत जे फुटलं नाही ते एका मृत्यूने फुटलं. सिमारो २०१९ मध्ये गेला, मादिलू त्याच्या बारा वर्षं आधी.

लेखात काँगोचा रुम्बा हा ‘क्युबाची नक्कल’ असल्याचंही ध्वनित केलं आहे. क्युबाच्या रेकॉर्ड १९३० च्या दशकापासून काँगोत येत होत्या हे खरं. त्या ऐकून पोरं वाजवायला शिकली हेही खरं. पण क्युबात तो ताल नेला कुणी? गुलाम म्हणून जहाजांत घालून नेलेल्या माणसांत काँगो नदीच्या मुखाकडचे लोक भरपूर होते. घरचंच घरी आलं. युनेस्कोने २०२१ च्या डिसेंबरात काँगोच्या रुम्ब्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं, ते दोन्ही काँगोंच्या अर्जावरून.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांच्यासाठी: ‘मारियो’पासून सुरुवात करू नका, भाषा कळल्याशिवाय त्यातली मजा अर्धी. आधी ‘आझ्दा’ लावा, त्यातल्या गिटारीसाठी. मग ‘माबेले’. मग १९७० साली मोटार अपघातात गेलेल्या धाकट्या भावासाठी, बाव्हों मारी-मारीसाठी, केलेलं ‘किन्सिओना’. तोही गिटारवादक होता, सव्वीस वर्षांचा. या गाण्याला अर्थ सांगणारा लागत नाही. आणि सेबेन सुरू झाल्यावर गाणं बंद करू नका. आमच्याकडे शब्द संपले की लोक गाणं संपलं समजतात.

आपला,
एक जुना वाचक, मिरज
(नाव छापू नये ही विनंती.)

ता. क. लेखासोबत ‘फ्रँको’ म्हणून जो फोटो छापला आहे तो ताबू ले रोशरोचा आहे. दोघांच्या अंगकाठीत जमीन-अस्मानाचा फरक होता. पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती तरी छापावी. किन्शासात अशी चूक झाली असती तर दोन्हीकडचे चाहते आपल्या कचेरीवर आले असते, आणि ताबू लेचे आधी.